टॉर्चचं अंग: धातूचं की प्लॅस्टिकचं?

प्रखर एलईडी टॉर्च थोडा वेळ चालू ठेवली की तिचं डोकं हाताला गरम लागतं. पुष्कळांना तो दोष वाटतो. खरं तर टॉर्च नीट काम करत असल्याची ती खूण आहे.

जुना तारेचा बल्ब बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबरच पुढे फेकायचा. एलईडीच्या झोतात उष्णता जवळपास नसते. ती मागे, काही मिलिमीटरच्या चिपमध्ये साठते. तिथून हटली नाही तर प्रकाश मंदावतो, चिपचं आयुष्यही घटतं. कुकरचं भांडं ॲल्युमिनियमचं आणि मूठ बॅकेलाइटची असते, तोच फरक इथे कामाला येतो. ॲल्युमिनियम प्लॅस्टिकच्या शेकडो पट सहज उष्णता वाहून नेतं. चिपखालच्या चकतीतून ती नळीत उतरते, तिथून हवेत आणि आपल्या तळहातात. डोक्याभोवतीच्या खाचाही शोभेपुरत्या नसतात. हवेला भिडणारा पृष्ठभाग त्यांनी वाढतो.

म्हणून प्लॅस्टिक टाकाऊ ठरत नाही. मंद दिव्याला एवढी उष्णता काढावीच लागत नाही. विजेच्या बोर्डाजवळ तर हातात धातूची नळी नसलेलीच बरी. शिवाय आत विसरलेले अल्कलाइन सेल गळले, की त्यातला दाहक द्रव ॲल्युमिनियम खातो आणि सेल नळीत घट्ट चिकटून बसतात. प्लॅस्टिकला तो फारसं काही करत नाही. आतल्या पट्ट्या तेवढ्या घासाव्या लागतात.

रात्री शेतावर लांबवर बघायचं असेल तर धातूचीच घ्या. उशाशी ठेवायला मात्र मी प्लॅस्टिकची सुचवेन.