रक्ताचा अहवाल आणि दम्याचा पंप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या आमच्या काकांचा दमा घरातील सर्वांच्या अंगवळणी पडला होता. दोन-तीन महिन्यांनी धाप लागे, रात्र बसून काढावी लागे, मग पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालत आणि सहाव्या दिवशी काका पुन्हा पेढीवर हजर होत. डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप मात्र कपाटात पडून असे. ‘पंपाची सवय लागते’, हे वाक्य आमच्या घरात वडिलोपार्जित दागिन्यासारखे जपले गेले होते.

एकदा गोळ्यांच्या चौथ्या दिवशी त्यांचे रक्त तपासले गेले. इओसिनोफिल पेशींची संख्या आली ४०. हा दमा स्टिरॉइडला जुमानणाऱ्या जातीचा दिसत नाही, असे त्यांना सांगण्यात आले, आणि पंपावरचा उरलासुरला विश्वासही उडाला. त्या अहवालातील आकडा खरा होता. त्याचा लावलेला अर्थ मात्र साफ चुकीचा होता.

ही चूक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इओसिनोफिल ही पांढऱ्या रक्तपेशींतील एक जात. इओसिन या लालसर रंगद्रव्याने त्यातील कण उठून दिसतात, म्हणून पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ च्या सुमारास त्यांना हे नाव दिले. अनेक दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत या पेशी गोळा होतात, आतील अस्तराला सूज आणतात आणि चिकट कफ वाढवतात. पण सर्वच दमेकऱ्यांच्या बाबतीत असे घडत नाही, आणि खरी मेख इथेच आहे.

१९५६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने जुनाट दम्यावर कॉर्टिसोनची चाचणी घेतली. फायदा अगदीच बेताचा दिसला. डर्बी येथील छातीविकारतज्ज्ञ हॅरी मॉरो ब्राउन यांना हे पटले नाही. त्यांनी रुग्णांचा कफ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास आरंभ केला, आणि ज्यांच्या कफात इओसिनोफिल होते त्यांनाच स्टिरॉइडचा गुण येतो, हे १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. भिन्न प्रकारचे रुग्ण एकाच पोत्यात भरून सरासरी भाव काढल्यामुळे आधीच्या चाचणीत औषधाचा गुण झाकला गेला होता. याच मॉरो ब्राउन यांनी १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यायच्या बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडचे निष्कर्ष मांडले. गोळ्यांवर अवलंबून असलेल्या कित्येक रुग्णांना त्या सोडून फवाऱ्यावर येता आले. आज आपल्या हातातला पंप तेथून आला आहे.

पंपाची भीती बाळगणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. प्रेडनिसोलोनची ४० मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात बुडेसोनाइड असते साधारण २०० मायक्रोग्रॅम. दोन औषधांचे बळ सारखे नसल्याने हे अगदी काटेकोर मोजमाप नव्हे, तरी अंदाज यावा. शिवाय पंपातील औषध मुख्यतः फुप्फुसात काम करते, तर गोळी साऱ्या देहात फिरते. मधुमेह, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू ही वारंवार घेतलेल्या गोळ्यांची देणी आहेत. पंपाचे नेहमीचे दुखणे म्हणजे तोंडात बुरशी येणे किंवा आवाज बसणे, आणि चूळ भरून टाकल्याने तेही बहुधा टळते.

आता काकांच्या त्या ४० कडे वळू. स्टिरॉइडच्या गोळ्या रक्तातील इओसिनोफिल झपाट्याने खाली आणतात. पंपाची मोठी मात्राही ते काही प्रमाणात कमी करते. इतकेच काय, एकाच दिवसात सकाळी ही संख्या कमी आणि रात्री जास्त असते. म्हणून आकड्याशेजारी त्या दिवशी कोणते औषध चालू होते याची नोंद हवी. वसुली जमा केल्यानंतरची बाकी पाहून ‘या गिऱ्हाइकाकडे उधारी कधी नव्हतीच’ असे कोणी व्यापारी म्हणेल काय? अहवालात बहुधा टक्केवारी छापलेली असते, ती एकूण पांढऱ्या पेशींशी लावून पाहावी. एकूण ८,००० आणि इओसिनोफिल ५ टक्के, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ४००. तीव्र दम्यात १५० आणि ३०० या पायऱ्यांना डॉक्टर विशेष महत्त्व देतात.

याचे कारण नवी इंजेक्शने. मेपोलिझुमॅब हे औषध इओसिनोफिल वाढवणाऱ्या संदेशालाच अडवते. सरसकट दमेकऱ्यांवर ते आधी निष्फळ ठरले होते. २००९ मध्ये लेस्टर येथे ज्यांच्या कफात या पेशी आढळत होत्या अशा ६१ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली, तेव्हा वर्षातील तीव्र झटक्यांची सरासरी हे औषध न मिळालेल्या गटात ३.४, तर ते मिळालेल्या गटात २ इतकी दिसली. मॉरो ब्राउन यांचाच धडा अर्ध्या शतकाने पुन्हा गिरवला गेला! ही इंजेक्शने खर्चिक आहेत. घराण्याला परवडतात म्हणून ती मागू नयेत. आधी पंप नीट घेतला जातो का, हे पाहावे लागते.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. ‘इओसिनोफिलिया’ हा शब्द इथे घरोघरी ठाऊक आहे, पण वाढलेल्या संख्येमागे दरवेळी दमा नसतो. जंत असू शकतात, हत्तीरोगाच्या कृमीही असू शकतात. या कृमींमुळे होणारा खोकला आणि धाप दम्यासारखीच भासते. तिचे औषध निराळे आहे.

आमच्या काकांना पुढे दुसऱ्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “रक्त दिलं त्या दिवशी कोणत्या गोळ्या चालू होत्या?” मग जुनी फाइल मागवली. गोळ्या सुरू होण्यापूर्वीच्या एका अहवालात ६२० हा आकडा होता. जंतांची तपासणी झाली, तीत काही आढळले नाही. काकांना पंप ओढायला सांगितले, तेव्हा तो चुकीचाच ओढला जात होता. अर्धे औषध जिभेवर. फवाऱ्यासाठी स्पेसर दिला गेला. काका सूर्यास्तानंतर पाणी घेत नाहीत, म्हणून संध्याकाळची मात्रा सूर्यास्ताआधी घेऊन चूळ भरण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरली. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी शंका होती, तर फवाऱ्याच्या पंपात कॅप्सूल नसतेच. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती इथेही लिहितो : झटका आला तर रक्ततपासणीसाठी औषध लांबवायचे नाही, आणि दीर्घकाळ चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने एकदम थांबवायच्या नाहीत.

इंजेक्शनाचा विषय तीन महिन्यांनी पाहू, असे ठरले होते. तो निघालाच नाही. गेल्या वर्षभरात काकांना एकदाच गोळ्या लागल्या, तीही ऐन हंगामात, हळदीच्या धुरळ्यात मुखपट्टी न लावता उभे राहिल्यामुळे. आता त्यांच्या फाइलमधील प्रत्येक अहवालाच्या कोपऱ्यात त्या दिवशीचे औषध त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेले असते.