नकोशा भावना किती?

१९६७ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गेले. तिथल्या फोरे लोकांचा बाहेरच्या जगाशी संबंध जेमतेमच होता. मूल दगावलेल्या माणसाची दोन ओळींची गोष्ट सांगायची, समोर काही फोटो ठेवायचे आणि विचारायचं, यातला त्याचा चेहरा कुठला? परक्या चेहऱ्यांवरचं दुःख, राग, किळस फोरे लोकांनी ओळखली. भीती आणि आश्चर्य यांत मात्र त्यांची गल्लत होई. एकमन यांच्या सहा मूलभूत भावनांत नकोशा चार: दुःख, राग, भीती, किळस.

आता सुमारे दोन हजार वर्षं मागे जाऊ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले आठ स्थायीभाव पाहा: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. यातल्या नकोशा मोजल्या तर नेमक्या त्याच चार! असूया, चिंता, व्रीडा म्हणजे लाज, यांना भरतानं तेहेतीस व्यभिचारी भावांत बसवलं. येणारे-जाणारे, स्थायीभावाला रंग चढवणारे. एकाला रंगमंचाची ओढ, दुसऱ्याला चेहऱ्याच्या स्नायूंची. तरी दोघं इतके जवळ यावेत?

कदाचित या चौघींची कामं वेगळी आहेत म्हणून. काही गमावलं की दुःख, वाट अडली की राग, धोका दिसला की भीती, कुजकं-नासकं समोर आलं की किळस.

सगळ्यांना ही विभागणी पटत नाही. १९८० साली जेम्स रसेल यांनी भावनांचा नकाशाच मांडला: एका अक्षावर सुखद-दुःखद, दुसऱ्यावर शांत-उत्तेजित. त्यात राग आणि भीती शेजारी-शेजारी येतात, कारण दोन्ही त्रासदायक आणि दोन्हींत छाती धडधडते. पण राग माणसाला पुढे ढकलतो, भीती बहुधा मागे खेचते. ही दिशा त्या नकाशात नाही.

आणि भीती तरी एकच आहे का? मेंदूच्या दोन्ही बाजूंचा अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडला जाणारा भाग, निकामी झालेली एक अमेरिकी स्त्री साप हातात घेई, भयपट मजेत पाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली आणि ती भीतीनं गर्भगळीत झाली! बाहेरून येणारा धोका आणि आतून होणारी घुसमट यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या असाव्यात.

मग नकोशा भावना चार की पाच? चेहरा पाहाल तर दोन्ही भीती एकच, मेंदूतली वाट पाहाल तर दोन. आकडा ठरण्याआधी कसोटी ठरवावी लागते.