चालवून मोजावें, कीं न चालवितां वाचावें?

संगणकाची आज्ञावली पारखण्याच्या दोन रीती आहेत. एकींत ती न चालवितां केवळ तिचा मजकूर वाचून दोष हुडकतात. हें स्टॅटिक ॲनालिसिस. हें वाचन दुसरी आज्ञावलीच करिते. बेल प्रयोगशाळेंतील स्टीफन जॉन्सन यांची ‘लिंट’ ही त्या जातीची जुनी व प्रसिद्ध. दुसरींत आज्ञावली प्रत्यक्ष चालवून कोणत्या भागांत किती वेळ जातो तें पाहतात, हें प्रोफाइलिंग. पर्यवेक्षक न कळवितां वर्गांत शंभर वेळां डोकावले, आणि नव्वद वेळां एकच मुलगा पेन्सिलीस टोंक करीत बसलेला दिसला, तर त्याचा दिवस कशांत जातो हें सांगावयास ज्योतिषी नको.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा खेळ सुरू होण्यास फार विलंब लागे. २०२१ सालीं एका जिज्ञासूनें आपल्या संगणकावर तो मोजला. सुमारें ६ मिनिटें भरला. मूळ आज्ञावली त्याच्याजवळ नव्हती. म्हणून त्यानें खेळ चालवून वरीलप्रमाणें डोकावणारें साधन लाविलें. तेव्हां दिसलें कीं, बहुतेक वेळ सुमारें ६३,००० वस्तूंची एक यादी वाचण्यांत जातो. यादींतील प्रत्येक अंश वाचतांना उरलेल्या सर्व मजकुराची लांबी पुनः शेवटपर्यंत मोजली जाई. शिवाय प्रत्येक नवी वस्तु आधींच्या सर्व वस्तूंशीं ताडून पाहिली जाई. हीं दोन कामें सुधारतांच विलंब १ मिनिट ५० सेकंदांवर आला. खेळाच्या कंपनीनेंही पुढें सुधारणा केली. त्या आज्ञांचें उत्तर चुकत नव्हतें, आणि दहा वस्तूंच्या यादीस तीच रीत पुरली असती. यादी किती लांब येणार, हें नुसत्या मजकुरांत कोठें लिहिलेलें असतें?

आतां उलट उदाहरण घ्या. २०१४ च्या फेब्रुवारींत ॲपल कंपनीच्या आयफोनमधील एक दोष उघडकीस आला. समोरचें संकेतस्थळ खरें कीं तोतया, हें तपासणाऱ्या भागांत ‘पुढचें सोडून शेवटाकडे जा’ ही ओळ दोनदां उमटली होती. पहिली अटीस बांधलेली, दुसरी मोकळी. त्यामुळें सहीची तपासणी होतच नसे व तोतयाही खरा ठरूं शके. येथें प्रोफाइलिंग काय सांगणार? काम टळल्यानें वेळ वांचलाच! परंतु ‘या ओळीपुढील आज्ञांपर्यंत कोणीच पोंचत नाहीं’ हें मजकूर वाचणारें साधन न चालवितां दाखवूं शकतें, आणि तशीं साधनें तेव्हांही होतीं.

म्हणून तक्रार मंदपणाची असेल तर मोजावें, तेंही खऱ्या आकाराच्या कामावर. लहान नमुन्यावरील मोजणी फसविते. वाचन मात्र रोजच्या रोज करावें, कारण तें स्वस्त आहे. पुष्कळदां तें निर्दोष ओळीवरही बोट ठेवितें, हा त्रास सोसावा लागतो. पायथॉन शिकणाऱ्या मुलांस मोजणीचें ‘सी-प्रोफाइल’ भाषेबरोबरच मिळतें. वाचणारें ‘पायलिंट’ निराळें घ्यावें लागतें, पण त्यास पैसे पडत नाहींत.