व्हॉल्व्ह का जळाला?

ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ अथवा अँप्लिफायर आहे, त्यांना काचेच्या नळीतील तो मंद तांबूस प्रकाश परिचयाचा असेलच. इंदूरच्या आमच्या घरीही असा एक अँप्लिफायर आहे. आजोबांनी जमविलेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या सणासुदीला त्यावर लावण्याची आमच्याकडे रीत आहे. एका दिवाळीत गाणे ऐन रंगात आले असता आवाज फाटू लागला. पाहतो तो, दोन पॉवर व्हॉल्व्हपैकी एकाच्या आतील पत्रा निखाऱ्यासारखा लाल झालेला! आम्ही तत्काळ बटण बंद केले, नवा व्हॉल्व्ह आणून बसविला आणि दहा मिनिटांत तोही तसाच लाल झाला. तेव्हा रेडिओ-दुरुस्तीत हयात घालविलेल्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना बोलाविले. ते एवढेच म्हणाले, "व्हॉल्व्ह मेला हे खरे, पण त्याला मारले कोणी, हे पाहिलेत का?"

या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी व्हॉल्व्हचे कार्य जाणले पाहिजे. १९०४ साली फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिला व्हॉल्व्ह बनविला. पुढे थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने त्यात तारेची जाळी घातली. नळीतील हवा काढून टाकलेली असते. आतील ऋणाग्र तापले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व धनाग्राच्या पत्र्याकडे धाव घेतात. वाटेतील जाळी ऋणभारित असल्याने ती या प्रवाहाला आवर घालते. धरणाच्या दाराप्रमाणेच हे आहे. दार जरासे हलले तरी पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. तसा जाळीवरील क्षीण संदेश मोठ्या प्रवाहाला नाचवितो, आणि त्यातूनच आवाज मोठा होतो.

आमच्या अँप्लिफायरमध्ये ईएल ८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत. अशा एका व्हॉल्व्हचे धनाग्र फार तर १२ वॅट उष्णता सोसू शकते. जाळीचा आवर सुटला की प्रवाह बेसुमार वाढतो आणि पत्रा लाल होतो. आमच्याकडे नेमके हेच घडले होते. मागील टप्प्यातून केवळ संदेश पुढे जावा व तेथील मोठा विद्युद्दाब अडावा, यासाठी मध्ये एक लहानसा कंडेन्सर असतो. तो वयोमानाने गळू लागला होता. पॉवर व्हॉल्व्ह काढून ठेवून जाळीच्या पिनेवर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पिनेवर, मीटर लावला, तर जेथे जवळजवळ शून्य हवे तेथे ८ व्होल्ट धनदाब आढळला! काही रुपयांच्या त्या कंडेन्सरने दोन व्हॉल्व्हचा बळी घेतला होता. आम्ही आणखी एक व्हॉल्व्ह असाच जाळला असता, तर कदाचित आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गमावून बसलो असतो. आणि तसा ट्रान्सफॉर्मर आज सहजासहजी मिळत नाही.

कंडेन्सर बदलल्यावर त्या गृहस्थांनी दोन्ही व्हॉल्व्ह नवे व जोडीचे घेण्यास सांगितले. दोहोंचे प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. ते सारखे असले तरच त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना छेदतात, नाही तर घरघर वाढते. व्हॉल्व्ह थंड झाल्यावर तो सरळ वर ओढावा आणि नवा बसविताना नऊ पिनांमधील मोकळी जागा जुळवून अलगद दाबावा. लाउडस्पीकर जोडल्याविना यंत्र कधीही चालू करू नये. शेवटी प्रत्येक ऋणाग्राच्या २७० ओहमच्या रोधावरील दाब मोजला. तो १०.८ व्होल्ट भरला, म्हणजे प्रवाह ४० मिलिअँपिअर. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच आला, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. अशा यंत्रात ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तो साठून राहतो. त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. आमच्या शेजाऱ्यांनी प्लग काढून, एका रोधातून तो साठा रिकामा करून व मीटरने शून्य पाहूनच आत हात घातला. जाणत्या वडीलधाऱ्यांवाचून यंत्राचे झाकण कोणीही उघडू नये.

१९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला व पुढे व्हॉल्व्ह मागे पडला. तरीही संगीतप्रेमींसाठी तो आजही स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांत तयार होतो. म्हणून नवा व्हॉल्व्ह मिळण्याची चिंता नाही. परंतु जुना का गेला हे शोधल्याविना तो बसवू नये. त्या संध्याकाळी आजोबांच्या तबकड्या पुन्हा वाजल्या, आणि पहिले गाणे आमच्या शेजाऱ्यांच्या आवडीचे लावले, हे सांगावयास नकोच.