थकलेल्या खलाशांची घरे

ज्या मनुष्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे जहाजाच्या पोटातील अरुंद बिछान्यावर काढली, ज्याची निद्रा चार-चार तासांच्या पहाऱ्यांनी मोजून दिली गेली आणि ज्याचे सुखदुःखाचे सोबती दर सफरीगणिक बदलत राहिले, त्याला वार्धक्यात राहावयास कसले घर द्यावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ वास्तुशिल्पज्ञाचा वाटतो. परंतु गेल्या सव्वातीनशे वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरे दगडाविटांत दिली गेली ती एकेक करून पाहू लागलो, म्हणजे त्यांतून खलाशाच्या गरजेपेक्षा घर देणाऱ्याच्या मनाचीच ओळख अधिक होते, असे मला वाटते.

सर्वांत भव्य उत्तर ग्रिनिचचे. १६९२ साली ला हॉगच्या आरमारी लढाईतून जखमी होऊन परतलेल्या खलाशांच्या हालअपेष्टा पाहून इंग्लंडची राणी मेरी हिच्या मनात थेम्सच्या काठी त्यांच्यासाठी आश्रयगृह उभारावे असे आले. १६९४ च्या ऑक्टोबरात त्याची सनद निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राणी देवीच्या आजाराने वारली, आणि शोकाकुल राजा विल्यमने ते कार्य तिचे स्मारक म्हणून पुढे चालविले. क्रिस्टोफर रेन यांनी मेहनताना न घेता नकाशे सिद्ध केले आणि जॉन ईव्हलिन यांनी खजिनदारी पत्करली. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्यास येथे जागा नाही. तरीही या वास्तूची रचना ज्या पहिल्या अटीने ठरली ती अट खलाशांची नव्हती. मागे असलेल्या राणीच्या जुन्या महालातून नदीचे दर्शन अबाधित राहिले पाहिजे, असा आग्रह धरला गेल्यामुळे सबंध इमारत मध्येच दुभंगून तिचे दोन भाग करावे लागले, आणि आज जगभरचे प्रवासी ज्या समतोल सौंदर्याची वाखाणणी करतात ते या अटीतूनच जन्माला आले.

खर्चाची तजवीज मात्र खलाशांच्याच खिशातून झाली. १६९६ च्या कायद्याने प्रत्येक खलाशाच्या वेतनातून दरमहा सहा पेन्स कापून घेण्याची वहिवाट पडली, आणि ती १८३४ पर्यंत चालू राहिली. आरमारातल्याप्रमाणेच व्यापारी जहाजांवरच्या खलाशांकडूनही ही रक्कम वसूल होई; पण आश्रयगृहाचे दार प्रामुख्याने उघडत असे ते आरमारी माणसासाठी. १७०५ साली पहिले ४२ वृद्ध खलाशी राहावयास आले. नेपोलियनच्या युद्धांच्या अखेरीस, १८१४ मध्ये, हा आकडा २,७१० वर गेला होता. त्यांच्यासाठी बांधलेल्या भोजनगृहाच्या भिंती व छत जेम्स थॉर्नहिल यांनी १७०७ पासून १७२६ पर्यंत अशी एकोणीस वर्षे खपून रंगविले, आणि चित्रे पुरी झाली तेव्हा ते दालन इतके देखणे झाले होते की तेथे खलाशांनी बसून जेवावे हेच कोणाला उचित वाटेना! ते खालच्या तळघरात जेवू लागले, आणि वरचे दालन पैसे घेऊन पाहुण्यांना दाखविण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८०६ च्या जानेवारीत नेल्सनचा देह लोकांच्या अंत्यदर्शनासाठी येथेच ठेवला होता.

राहण्याची व्यवस्था जहाजासारखीच होती. मोठाल्या दालनांत लाकडी आडोशांच्या लहान लहान खोल्या. कपडा, अन्न, तंबाखूचा खर्च वेळेवर मिळे. परंतु पत्नीला जवळ ठेवण्याची परवानगी नव्हती, आणि नशेत सापडलेल्या म्हाताऱ्याला शिक्षा म्हणून पिवळा अंगरखा घालून चारचौघांत वावरावे लागे. ज्याने तोफांपुढे छाती काढली होती त्याची उतारवयात अशी शोभा व्हावी, ही गोष्ट वाचताना आजही मन कष्टी होते. १७७८ मध्ये तेथीलच उपप्रमुख कॅप्टन टॉमस बेली यांनी निकृष्ट मांस, पाणी मिसळलेली बीअर आणि समुद्राशी कधी संबंध न आलेल्या माणसांना वाटलेल्या जागा, हा सारा गैरकारभार छापून चव्हाट्यावर आणला. त्याचे फळ म्हणून त्यांच्यावर बदनामीची फिर्याद झाली. तरुण वकील टॉमस अर्स्किन यांच्या वक्तृत्वाने ते त्यातून सुटले, पण नोकरी गेली ती गेलीच.

अखेरचा निवाडा मात्र न्यायालयाने दिला नाही, खुद्द रहिवाशांनी दिला. १८६५ च्या कायद्याने जेव्हा त्यांना असे विचारले गेले की येथे राहता, की तनखा घेऊन आपल्या माणसांत जाता, तेव्हा बहुसंख्य वृद्धांनी आपले गाठोडे उचलले. १८६९ मध्ये आश्रयगृह मिटले आणि १८७३ मध्ये त्या वास्तूत आरमारी महाविद्यालय आले. युरोपातील एका अत्यंत सुंदर इमारतीपेक्षा बहीण, मुलगी किंवा जुना शेजारी असलेली एखादी गल्ली त्यांना प्रिय वाटली, यापरता स्पष्ट अभिप्राय तो कोणता?

ग्रिनिचची सनद निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६९५ मध्ये, लंडनच्या पूर्व भागात माइल एंड येथे ट्रिनिटी हाउस या संस्थेने उत्पन्न आटलेल्या कप्तानांसाठी व त्यांच्या विधवांसाठी २८ लहान घरे बांधली. मध्ये हिरवळ, दोन्ही बाजूंस समोरासमोर घरांच्या ओळी, शेवटी प्रार्थनामंदिर, आणि रस्त्याकडच्या त्रिकोणी भिंतींवर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती, एवढेच त्याचे वैभव. पण प्रत्येकाला आपले दार होते, उंबरठा होता, आणि कप्तान वारल्यावर त्याची विधवा अनाथ ठरत नसे. पुढे दोनशे वर्षांनी ही घरे पाडण्याचा बेत झाला तेव्हा सी. आर. ॲशबी यांनी चळवळ करून ती वाचविली. माझ्या मते या सबंध इतिहासात रचनेचा खरा धडा येथे आहे.

अटलांटिकपलीकडे रॉबर्ट रिचर्ड रँडल यांनी १८०१ साली मृत्युपत्र करून मॅनहॅटनमधील आपला जमीनजुमला वृद्ध व जर्जर खलाशांच्या घरासाठी ठेवला. वारसांनी दावे लावले; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १८३० मध्ये निकाल लागल्यावर १८३३ साली स्टेटन बेटावर ‘सेलर्स स्नग हार्बर’ उघडले. पहिल्या दिवशी रहिवासी होते ३७. हा आश्रम खाडीच्या मुखावर होता आणि येणारीजाणारी जहाजे तेथून दिसत. मॅनहॅटनच्या भाड्याने त्याची तिजोरी भरत गेली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे हजार माणसे राहत. टोपल्या विणणे, जहाजांच्या प्रतिकृती करणे अशी हातांना कामे होती. पुढे अमेरिकन खलाशाला सरकारी निवृत्तिवेतन लाभले, वस्ती ओसरली, आणि १९७६ मध्ये उरलेल्यांना उत्तर कॅरोलिनातील सी लेव्हल या गावी हलविण्यात आले.

आता आपल्याकडे वळू. ज्यांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत त्या आपल्या सारंग, टंडेल, सुकाणी, भंडारी आणि आगवाल्यांच्या श्रमांवर ब्रिटिश आगबोटी चालत होत्या. पण त्यांच्या करारपत्रांची घडणच अशी होती की सफर संपली की त्यांना हिंदुस्थानच्या बंदरात आणून सोडावे. त्यामुळे त्यांचे म्हातारपण ही मालकाची बाब कधी झालीच नाही. ती गावाची व घरच्या बाईची झाली. लंडनमध्ये लाइमहाउस भागात १८५७ साली आशियाई खलाशांसाठी एक निवास उघडला, आणि महाराजा दुलीपसिंगांनी त्याला ५०० पौंड दिले. परंतु तो परतीच्या जहाजाची वाट पाहणाऱ्यांसाठी होता. मुंबईत १८७० साली ज्याची कोनशिला बसली व १८७६ मध्ये जे पुरे झाले, ते फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम युरोपियन खलाशांचे होते. त्याच्या माथ्यावर समुद्रदेवता कोरलेली आहे. पुढे तेथे विधिमंडळ बसले आणि आता राज्याचे पोलीस मुख्यालय आहे. रत्नागिरीच्या खलाशाचा त्या छपराशी संबंध आलाच नाही.

आपल्या माणसांनी आपली सोय आपणच केली. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांनी ज्या ‘कूड’ चालविल्या, त्यांत गावकरी खलाशी नाममात्र वर्गणीवर राहत. भिंतीलगत ओळीने ट्रंका, समोर गावच्या संताची वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची प्रार्थना, आणि वर्षाचा सण. येथे राहण्याचा हक्क गावाच्या नावाने मिळे, कोणाच्या कृपेने नव्हे. आणि म्हणूनच माणूस तेथे ताठ मानेने वावरे. दुर्दैवाने या खोल्याही मुख्यतः कमावत्या वयासाठीच होत्या. दोन जिने चढून वर जाणारा पाय थकला की त्याला गावचीच वाट धरावी लागे, आणि तिकडे मुले परदेशी गेलेली, बोटीच्या पैशाने बांधलेले चिरेबंदी घर ओस, व इस्पितळ तालुक्याच्या गावी, अशी स्थिती आज कोकणात व गोव्यात किती घरांची आहे! खलाशांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९६६ साली झाला, आणि गोवा शासनाने २०१२ साली निवृत्त खलाशांसाठी मासिक साहाय्याची योजना काढली. हे उपकारक आहेच. परंतु पैसा मिळाल्याने सोबत मिळत नाही.

सोबत म्हणजे काय, हे ठरविताना शरीराचाही विचार हवा. इंजिनखोलीत जन्म काढलेल्याचे कान गेलेले असतात, म्हणून हाकेऐवजी दिव्याची खूण असावी. जुन्या बोटींच्या नळांवर गुंडाळलेल्या ॲस्बेस्टॉसची बाधा फुप्फुसांत कित्येक दशकांनी प्रकट होते, म्हणून त्या विकाराची जाण असलेला वैद्य नियमाने यावा. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला उठण्याची सवय म्हातारपणीही सुटत नाही, म्हणून चहाची चूल रात्रीही पेटती असावी. पत्नीसह राहण्याची मुभा असावी, आणि तिच्यामागे वा त्याच्यामागे उरलेल्याला खोली सोडावी लागू नये.

मुंबई बंदराच्या पूर्वकिनाऱ्यावरील जुन्या गोद्या व गुदामांच्या जमिनीचे नवे आराखडे सध्या मांडले जात आहेत. ते आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की माझगाव-शिवडीच्या बाजूस एक तुकडा या माणसांसाठी राखून ठेवावा, आणि इमल्याचा पाया घालण्यापूर्वी रत्नागिरीच्या एखाद्या वृद्ध सारंगाला व गोव्यातील साष्टीच्या एखाद्या वृद्ध बटलरला शेजारी बसवून, खिडक्या कोणत्या दिशेला हव्यात हे त्यांना विचारावे.