ठेका सगळ्यांचा, कान आपले

लग्नसराई आली की शहापूर-मुरबाडच्या गावांत हळदीची रात्र बेंजो नाहीतर डीजेने गाजते. एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरे एकाच ठेक्यावर तासन्‌तास नाचतात. ही नुसती हौस नसते. ‘आपण यांच्यातले’ हे सांगण्याची ती रीत असते.

त्यामागे शरीरशास्त्रही आहे. रॉबिन डनबार व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासात, एका तालात नाचणाऱ्यांमध्ये जवळीक वाढली आणि वेदना सोसण्याची क्षमताही. मेंदूत स्रवणारे एंडॉर्फिन हे त्याचे कारण असावे, असे संशोधक मानतात.

जपायचे ते कानांना. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे! आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. नाचून आल्यावर कानात शिट्टी वाजणे, ऐकू कमी येणे हा इशारा समजावा.

स्पीकरच्या भिंतीपासून लांब नाचावे, अधूनमधून बाजूला बसावे. कापूस पुरत नाही. फोमचे इअरप्लग वापरावेत. लहान मुलांना दूर ठेवावे. दुसऱ्या दिवशीही शिट्टी थांबली नाही, तर डॉक्टरांना कान दाखवावेत.