‘डोक्यात हवा गेली’ म्हणून भागत नाही

बारामती-इंदापूर पट्ट्यात एखाद्या पैलवानाचं, कबड्डीपटूचं किंवा क्रिकेट खेळणाऱ्या पोराचं काही चुकलं की पारावर, कारखान्याच्या गेटवर, एसटी स्टँडवरच्या टपरीवर एकच निदान ऐकू येतं : ‘डोक्यात हवा गेली.’ मारामारीत नाव आलं, इंजेक्शन घेताना सापडला, इनामाचे पैसे महिन्याभरात उडवले, नको त्या माणसाच्या गाडीत बसला. प्रकार कुठलाही असो, निदान तेच. आणि जोडीला ठरलेलं दुसरं वाक्य : ‘मैदानात एवढं डोकं चालतं ना त्याचं? मग बाहेर का चालत नाही? म्हणजे माजच आला.’

हे दुसरं वाक्य मला जास्त खटकतं, कारण ते तर्काला धरून आहे असं वाटतं आणि भलीभली माणसं ते मान हलवून मान्य करतात. ते चूक आहे. मैदानावरचं डोकं मैदानाबाहेर आपोआप चालत नाही, आणि याचा पुरावा पन्नास वर्षांहून जुना आहे.

१९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केला. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवायचा, झाकायचा आणि सोंगट्या आठवून मांडायला सांगायचं. तरबेज खेळाडूंनी नवख्यांपेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर मांडल्या. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विस्कटून ठेवल्या. तेव्हा तरबेज आणि नवखा यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे तरबेज खेळाडूची स्मरणशक्ती एकूणात अफाट नव्हती. त्याला ओळखीच्या मांडण्या हजारो वेळा पाहून पाठ झाल्या होत्या. पट अनोळखी झाला की तोही आपल्यासारखाच.

आता आपला पैलवान घ्या. समोरच्याचा खांदा जरा झुकला, पाय अर्धी वीत पुढं आला की हा पट काढायला आत शिरतो किंवा ढाक लावतो. विचार करायला वेळच नसतो. दहा-बारा वर्षं रोज मातीत आणि मॅटवर लढून आलेली ती ओळख आहे. पण यात्रेच्या फडाबाहेर कुणीतरी खांद्यावर हात टाकून म्हणतं, ‘पैलवान, चला, एका ठिकाणी जाऊन येऊ, नुसतं उभं राहायचंय.’ ही चाल त्यानं किती वेळा पाहिली आहे? एकदाही नाही. तिचा डाव कुणी शिकवला? कुणीच नाही. त्याचा पट विस्कटलेला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तालमीतल्या दिवसात दिसते. पहाटे उठायचं केव्हा, जोर-बैठका किती, खुराकात काय, कुठल्या फडात कुणाशी जोड लावायची, कुठली कुस्ती सोडायची, हे सगळं वस्ताद ठरवतो किंवा वडील ठरवतात. इनामाची रक्कम मिळते ती काकांच्या किंवा मोठ्या भावाच्या खिशात जाते. शाळेचा फॉर्म, बँकेचं खातं, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं दुसरं कुणीतरी बघतं. दहाव्या वर्षी तालमीत गेलेलं पोरगं विसाव्या वर्षी बाहेर येतं तेव्हा त्याच्याकडं शिस्त भरपूर असते, पण स्वतः निवड करण्याचा आणि छोट्या चुकीतून शिकण्याचा अनुभव जवळपास नसतो. त्याच्या वयाच्या शेजारच्या पोरानं एव्हाना मोबाइलचे हप्ते थकवलेले असतात, मित्राला उसने दिलेले दोन हजार बुडालेले असतात. तो शहाणा झाला तो अशा स्वस्त चुकांनी. आपल्या पैलवानाची पहिलीच चूक मोठी असते, आणि ती गावभर दिसते. ‘खेळानं शिस्त येते म्हणजे शहाणपण येतंच’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे.

मग हवा जातच नाही का? काहींच्या डोक्यात जाते, नाकारत नाही. पण ती कोण भरतं, हेही बघा. तालुका पातळीवर एक कुस्ती मारली की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर पोराचा फोटो बोटभर आणि नेत्यांचे चेहरे हातभर. वाढदिवस, उद्घाटन, मिरवणूक, जिथं गर्दी दाखवायची तिथं पैलवान हजर पाहिजे. त्याला बोलावणारे आपणच, आणि तो बिघडला म्हणणारेही आपणच.

संगतीबद्दलही आपण उलटं बोलतो. ‘पोरगं चांगलं होतं, पण मनानं कच्चं निघालं’ म्हणतो. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाच्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथं सांगायलाच हवा. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे, अशा तीन गटांना त्यांनी संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की पुढं दामटायचं हे त्यांनी ठरवायचं. काहींनी एकट्यानं खेळला, काहींनी मित्रांसमोर. मित्र बघत असताना धोका पत्करण्याचं प्रमाण वाढलं, आणि ही वाढ मोठ्यांपेक्षा दोन्ही लहान गटांत जास्त होती. १८ ते २२ हे आपल्या नव्या पैलवानांचं नेमकं वय. एकट्यानं बसून नीट विचार करणारं पोरगं चार जणांसमोर तसा करत नाही. यात मन कच्चं असण्याचा प्रश्न नाही, वयाचा आहे. आणि खेळाडूभोवती चार जण कायमच असतात.

पृथ्वी शॉचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धंच. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात त्यानं १३४ धावा केल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं आणि आठ महिन्यांची बंदी आली. हे औषध खोकल्याच्या सिरपमध्ये सर्रास असतं आणि ते अनवधानानं पोटात गेलं हे बीसीसीआयनं मान्य केलं होतं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. लोकांनी मात्र ‘डोपिंग’ एवढाच शब्द लक्षात ठेवला. पुढं जून २०२५ मध्ये एका मुलाखतीत त्यानं स्वतःच कबूल केलं की आपले काही निर्णय चुकले, सरावाला वेळ कमी दिला, मित्र चुकीचे निवडले. त्यानंतर तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रणजीत चंडीगढविरुद्ध २२२ धावा केल्या. ‘एकदा घसरला तो संपला’ हाही गैरसमजच.

सिरपची गोष्ट सांगितली ती आपल्याकडच्या जिममुळं. ‘प्रतिबंधित औषध म्हणजे परदेशातलं महागडं काहीतरी’ असं इथं अजून समजलं जातं. मेफेन्टरमिन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेवेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असतं. राज्यात पोलिसांनी त्याच्या बेकायदा विक्रीवर वारंवार कारवाई केली आहे, आणि गिऱ्हाईक म्हणजे जिममधली आणि भरतीची तयारी करणारी पोरं. ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या बंदी यादीत आहे. हृदयाचे ठोके बेफाम वाढवतं आणि सवय लावतं. पोराला ते अनोळखी माणूस देत नाही. आधी घेतलेला, वयानं थोडा मोठा, विश्वासातला कुणीतरी ‘थकवा येणार नाही’ म्हणून देतो. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१४ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी नियमानं खेळाडूचीच. प्रोटीनच्या डब्यालाही हाच नियम.

बाकीच्या समजुती थोडक्यात उरकतो.

‘भरपूर पैसा मिळाला की वेडंवाकडं करणार नाही.’ अमेरिकेतल्या एनएफएल फुटबॉलपटूंवरचा २०१५ चा अभ्यास सांगतो की निवृत्तीनंतर १२ वर्षांत सुमारे १६ टक्के खेळाडूंनी दिवाळखोरी जाहीर केली, आणि जास्त कमावलेल्यांनाही त्यापासून फारसं संरक्षण मिळालं नाही.

‘पंचविशीला मेंदू पक्का झाला की अक्कल येते.’ मेंदूचा पुढचा भाग विशीतही घडत असतो हे खरं. पण त्या वाढदिवशी कुठलं बटण दाबलं जात नाही. सरावाशिवाय तिशीतही फरक पडत नाही.

‘लग्न लावून द्या, सुधारेल.’ दुसऱ्याच्या मुलीच्या आयुष्यावर प्रयोग करू नका.

‘आईबापाचे संस्कार कमी पडले.’ उसाच्या फडात राबून पोराच्या दुधा-बदामाचा खर्च काढणाऱ्या आईला हे ऐकवताना लाज वाटायला हवी.

‘म्हणजे तुम्ही त्यांच्या चुका पोटात घालायला सांगता.’ नाही. गुन्हा केला तर कायदा त्यालाही तोच आणि बंदी आली तर ती भोगायचीच. कारण शोधायचं ते पुढचं पोरगं वाचावं म्हणून.

खेळाचं वेड या तालुक्यांना नवं नाही. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर रणजीचा सामना झाला आहे आणि इथल्याच शरद पवारांनी बीसीसीआयचं आणि आयसीसीचं अध्यक्षपद सांभाळलं आहे. मैदान, मॅट, इनाम यांवर खर्च करायला इथं माणसं आहेत. कमी आहे ती बाहेरच्या डावांची तयारी, आणि तिला पैसा जवळजवळ लागत नाही.

वस्तादांनो, आठवड्यातली एक संध्याकाळ ठेवा आणि पोरांकडून ‘नाही’ म्हणण्याचा सराव करून घ्या : गाडीत बसायला बोलावणाऱ्याला, इंजेक्शन देणाऱ्याला, कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला. डाव जसा शंभर वेळा करून घेता तसाच हाही. वडिलांनो, सोळाव्या वर्षी त्याच्या नावाचं खातं त्याच्या हातात द्या, हजार-दोन हजार बुडवू द्या आणि ओरडू नका. कुठलंही औषध घेण्याआधी ते खेळाडूला चालतं का हे डॉक्टरला विचारायची सवय घरापासून लावा. आणि यात्रा कमिटीनं इनामाची रक्कम भर गर्दीत रोख देण्याऐवजी थेट पोराच्या खात्यात भरावी. येत्या चैत्रातल्या यात्रेपासून हे सुरू करता येईल.